विसाचं नाणं कुठे ठेवायचं?

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरवड्यामागे नाण्यांच्या छंदावर पानभर मजकूर आला होता. पोर्तुगीज काळातल्या रुपियांचे फोटो ठसठशीत छापलेत, त्याबद्दल आभार. पण लेखाच्या शेवटाला लेखकमहाशयांनी जाता जाता एक वाक्य टाकलं आहे, की १९९० नंतरची भारतीय नाणी म्हणजे निव्वळ स्टीलच्या चकत्या, जाणत्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. हे वाक्य मला लागलं. कारण गेल्या चतुर्थीपर्यंत मीही हेच म्हणत होतो, आणि त्यापायी माझा अल्बम वीस वर्षं मिटलेला राहिला.

मी फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानात ३६ वर्षं हिशेब लिहिला. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, पण फंडपेटी उघडायच्या दिवशी समिती अजून बोलावते. एक तर माझा हात चालतो, आणि दुसरं म्हणजे चहा-बिस्किटांवर दिवसभर बसणारा दुसरा माणूस त्यांना मिळत नाही. पेटी रिकामी होते ती ताडपत्रीवर. आधी नोटा उचलायच्या. मग फुलांच्या सुकलेल्या पाकळ्या, सुपाऱ्या, नवसाच्या चिठ्ठ्या, कुणा आखातातून आलेल्याने टाकलेले फिल्स, एखादा युरो हे सगळं बाजूला काढायचं. उरतो तो नाण्यांचा ढीग, कुंकवाने लाल आणि तेलाने बुळबुळीत. जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक मी दोरीला बांधून ठेवलेलं आहे. ते ढिगावरून फिरवलं, की स्टीलचे रुपये आणि दोनाची नाणी त्याला घोसासारखी लटकतात. पिवळी पाचाची आणि दोन रंगांची दहाची खाली राहतात. मधूनच २००७ च्या सुमाराचं एखादं स्टीलचं पाचाचं फसवून वर येतं, ते वेचून काढायचं. मग दहा-दहाच्या थप्प्या आणि शंभर-शंभरच्या पिशव्या. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी हात हुंगायला सांगते. लोखंड, तेल आणि झेंडू असा एक मिश्र वास येतो. साबणाने तो जात नाही.

छंद लागला तो या ताडपत्रीवरच. माझं टाइप कलेक्शन आहे. ज्यांना शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो, एका नमुन्याचं एकच नाणं. सालाप्रमाणे वेगळं नाही, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा अशा चार टांकसाळींच्या खुणा पाहून चार-चार नाहीत. नाण्याचा धातू, आकार किंवा चित्र बदललं की नवा खण, एरवी नाही. कारकुनाच्या पगारात बसणारा हाच छंद. देवाच्या पैशाला हात नको म्हणून मी पहिल्या दिवसापासून एक शिस्त ठेवली. ढिगात हवं ते नाणं दिसलं की समितीच्या माणसासमोर तेवढेच पैसे खिशातून टाकायचे आणि ते उचलायचं. रुपयाला रुपया. या शिस्तीचाच पुढे नियम झाला, त्याबद्दल खाली सांगतो.

अल्बमचं पहिलं पान मात्र आजीचं. तिने रुमालाच्या गाठीत जपलेली तीन नाणी त्यावर आहेत: १९४७ चा चांदीचा रुपिया, १९५२ चा तांबं-निकेलचा रुपिया आणि १९५९ चं सहा एस्कुदोंचं नाणं. सहाच का, असं बघणारा प्रत्येक जण विचारतो. पोर्तुगीजांनी शेवटी शेवटी इथला रुपिया आणि त्याचे सुटे म्हणजे तांगे, हा हिशेब मोडून एस्कुदो आणला, तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले. म्हणून रुपियाच्या जागी बसायला सहाचं नाणं, अर्ध्या रुपियाच्या जागी तीनाचं. आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सहाचं नाणं विकणारा त्याला 'अँटिक' म्हणतो. १९५९ मध्ये ते अगदी अलीकडचं, आताच्या भाषेत 'मॉडर्न' नाणं होतं, आणि चांदी हाताळलेल्या माझ्या आजीचं त्याविषयी मत वाईट होतं. दगडी उंबऱ्यावर आपटून ती म्हणायची, "हें वाजना रे." तिच्या लेखी तीही चकतीच. तिने ते ठेवलं ते आवडलं म्हणून नाही, बदलून आणायचं राहून गेलं म्हणून.

दुसरं पान नव्या पैशांचं. उरलेल्या देशात नवा पैसा १ एप्रिल १९५७ ला आला, तो आणे-पै बाजूला सारून. मी सात वर्षांचा असताना, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर ही नाणी आमच्या घरात आली. माझ्या हातात नव्या पैशाआधी जुना पैसा कधी पडलाच नव्हता. त्यामुळे १९५० च्या मालिकेतला बैलाचा आणा आणि घोड्याचा पैसा माझ्या अल्बमात नाहीत. नाणी देखणी आहेत, विकतही मिळतात, पण अल्बम माझ्या हाताचा आहे. अभ्यासक मित्र यावर नाक मुरडतात, मुरडोत.

आता मी नाणी जमवायचा का थांबलो, ते सांगतो. २००५ च्या सुमाराला नवा रुपया आला, त्यावर क्रुसासारखी खूण आणि चार ठिपके. सरकारचं म्हणणं, ही विविधतेतली एकता. आमच्या पेटीत तो पहिल्यांदा निघाला तेव्हा एका महाजनांनी तो दोन बोटांत धरून विचारलं, "हा वाट चुकून इकडे आला काय?" आम्ही सगळे हसलो. नाताळाची कुळकुळं आणि चतुर्थीच्या नेवऱ्या एकमेकांच्या घरी पोचवणारी माणसं आम्ही, इथे तो विषय हसण्यावारी गेला. बाहेर मात्र त्यावरून वाद झाला. मग २००७ ला आल्या नृत्यमुद्रा: पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. मागे भरतनाट्यम होतं म्हणतात. मला दिसला तो ठेंगा. इतकी वर्षं मान मोडून ज्या रुपयाचा हिशेब लिहिला, तोच अंगठा दाखवू लागला म्हटल्यावर मी चिडून अल्बम मिटला आणि देव्हाऱ्याखालच्या फळीत ढकलून दिला.

थांबण्याची ही चूक मी त्याआधीही एकदा केली होती, हे कबूल करायला हवं. ऐंशीच्या दशकात आमच्या ढिगात अ‍ॅल्युमिनियमचे पैसे मुबलक असायचे. चौकोनी एक पैसा, सहाकोनी तीन पैसे, कडेला लाटा असलेले दोन आणि दहा पैसे. पंखा लावला की थप्पी ढासळायची, म्हणून मोजणीला पंखा बंद ठेवावा लागे आणि एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा त्या ताडपत्रीवर पडत. त्या रागानेच असेल, पण मी त्यातलं एकही नाणं ठेवलं नाही. 'ही काय नाणी आहेत?' असं म्हणायचो. आजीचंच रक्त. पुढे ती पेटीत यायची बंद झाली. मग मी म्हापशाला जाऊन एका पैशाचं नाणं दहा रुपयांना विकत आणलं. हजारपट. हिशेबनीस माणसाला ही नोंद कुठल्या खात्यावर टाकावी तेच कळेना. (पुढे ३० जून २०११ पासून तर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातूनच गेली.)

अर्थात एवढ्याने मी शहाणा झालो असतो तर २००७ ला पुन्हा रुसलो नसतो. शहाणपण शिकवलं ते आमच्या भजनी मंडळात हार्मोनियम वाजवणाऱ्या पेटीवाल्यांनी. हे गृहस्थ जन्मांध आहेत, माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटे. मोजणीच्या दिवशी हॉलमध्ये रियाझ करत बसतात आणि कंटाळा आला की माझ्या शेजारी येऊन नाणी चाचपतात. गेल्या चतुर्थीनंतरच्या मोजणीला त्यांनी ढिगातून एक नाणं उचललं, कडेवरून अंगठा एकदाच फिरवला आणि म्हणाले, "हे विसाचं." मी सहज म्हटलं, त्यात काय, ते बाराकोनी आहे. तर म्हणाले, "तेच तर. आयुष्यात पहिल्यांदा असं एक नाणं आलं, की ते काय आहे ते मला दुसऱ्याला विचारावं लागत नाही."

मी गप्प झालो. मग त्यांनी मला ढिगातून २०१९ च्या मालिकेची पाचही नाणी शोधून द्यायला लावली आणि पेटीच्या झाकणावर ओळीने मांडली. एकाचं २० मिलिमीटर, दोनाचं २३, पाचाचं २५, दहाचं २७. विसाचंही २७ च, पण त्याला बारा बाजू आणि कड गुळगुळीत. वजनही ओळीने चढत जातं, रुपयाचं तीन ग्रॅमच्या जरा वर, विसाचं साडेआठ. दहाचं बाहेरून पिवळं, आत पांढरं. विसाचं बाहेरून पांढरं, आत पिवळं. हे रंगाचं अर्थात मीच त्यांना सांगितलं. ही मालिका ७ मार्च २०१९ ला जाहीर झाली तेव्हाच सरकारने सांगितलं होतं, की ही नाणी दृष्टिहीनांना ओळखता यावीत अशी केलेली आहेत, आणि आराखड्यासाठी राष्ट्रीय डिझाइन संस्थेची मदत घेतली आहे. मी ती बातमी आपल्याच अंकात वाचली होती, वाचून पान उलटलं होतं. धान्याच्या लोंब्या सगळ्यांवर त्याच, चेहरा सगळ्यांचा एकच, म्हणून मला ती एकाच साच्यातून पाडलेली वाटत होती. पेटीवाले म्हणाले, "तुम्ही चित्र बघता, म्हणून तुम्हाला सगळी सारखी दिसतात."

हे ऐकून कुणाला वाटेल की पेटीवाले नव्या नाण्यांवर खूष आहेत. तसं मुळीच नाही. ओळीने मांडलेली पाच नाणी त्यांनी पुन्हा ढिगात टाकली आणि म्हणाले, आता खिशात हात घालून बघा. खरी गंमत तिथे आहे, आणि सरकारी माणसांनी ती कधी खिशात हात घालून पाहिली नसावी. २०११ च्या मालिकेत दोनाचं नाणं २५ मिलिमीटरचं होतं आणि पाचाचं २३ चं. २०१९ ला दोनाचं झालं २३ चं आणि पाचाचं २५ चं. सरळ अदलाबदल! दोन्ही मालिका आजही एकाच गल्ल्यात फिरतात. जाडी, वजन वेगळं आहे, ते मान्य, पण बसमध्ये उभ्याने, एका हाताने दांडी धरून वजन करणार कोण? आणि त्याआधीचा घोळ तर डोळसांनाही पुरून उरला. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा, ४.८५ ग्रॅम वजनाचा. २०११ ला दोनाचं नाणं काढलं ते अगदी त्याच मापाचं आणि त्याच वजनाचं. त्याच वेळी नवा रुपया आखडून बसला जुन्या पन्नास पैशांच्या मापात. म्हणजे बोटांनी वीस वर्षं जे पाठ केलं, ते एका दिवसात निम्म्यावर आलं. देवळाबाहेरच्या फुलवालीला पेटीवाले तेव्हा कित्येक दिवस दोनाऐवजी रुपया देत होते. तिनेच एक दिवस ओशाळून सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. उधारी ठेवणारा माणूस नाही हो तो.

त्या रात्री मी फळीतून अल्बम बाहेर काढला. वाळवी नव्हती, हेच नशीब. पण एक पान उघडेना. आमच्याकडच्या पावसाळ्यात मऊ प्लास्टिकचे खिसे घामेजतात आणि आतल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर चढवतात. स्वस्तातले खिसे घेतल्याचं फळ. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पुठ्ठ्याचे होल्डर घ्यावेत, आणि दुसरं, नाणी घासू नयेत. देवळातली समई आंबट बिंबलाच्या फळाने उजळते म्हणून मी एकदा १९५७ चा ब्राँझचा नवा पैसा बिंबलाने घासला होता. लखलखीत झाला, अगदी नवरदेवासारखा. संग्राहकाच्या दृष्टीने मेला.

तर आता प्रश्न असा होता, की विसाच्या नाण्याला खण द्यायचा ठरवला, तर मधल्यांचं काय? क्रुसाचा रुपया, ठेंग्याचा रुपया, २०११ चा ₹ चिन्हाचा रुपया. हे सोडून थेट २०१९ वर उडी मारणं म्हणजे घराण्याची वंशावळ लिहिताना भांडण झालेल्या काकाचं नाव गाळणं. मला ते जमेना. शिवाय खण मोजायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की 'चकत्या' म्हणून ज्यांना हिणवलं त्यांच्यातच सगळ्यात जास्त घडामोड आहे. एकट्या पाचाचंच बघा. १९९२ चं पाचाचं नाणं तांबं-निकेलचं, नऊ ग्रॅम वजनाचं, जाड, कडेला मधोमध खाच. खिसा ओढायचं ते. त्याच्यातला धातू त्याच्या किमतीहून महाग झाला आणि ती नाणी वितळवून दाढीची पाती करतात अशा बातम्या छापून आल्या. मग २००७ ला तेच पाच स्टीलचं झालं, सहा ग्रॅमचं, लाटांच्या रेषांचं. लोकांना ते रुपयासारखं भासू लागलं. दोन वर्षांत पिवळं झालं. २०११ ला ₹ आलं, २०१९ ला वाढलं. तीस वर्षांत पाच खण! त्यांतला धातूचा प्रत्येक बदल मी ताडपत्रीवर पाहिला आहे, चुंबकाला लागतं की नाही यावरून. १९५७ चे दहा पैसेही असेच आधी तांबं-निकेल, मग पितळेच्या जातीचे, मग अ‍ॅल्युमिनियम, मग १९८८ ला स्टील असे उतरत गेले, त्याला आपण इतिहास म्हणतो. मग पाचाच्या नाण्याने काय घोडं मारलं?

म्हणून मी ठरवलं, की नवी नाणी घ्यायची. पण सरसकट नाहीत. नियम तोच, ताडपत्रीवरचा. जे नाणं माझ्या हातात दर्शनी किमतीला आलं, म्हणजे पेटीतून, बसच्या तिकिटाच्या सुट्यातून, वाण्याच्या गल्ल्यातून, त्यालाच खण. टांकसाळीने मखमली डबीत घालून विकायला काढलेली नाणी माझ्या अल्बमला चालत नाहीत. २०२३ ला नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं निघालं, ४४ मिलिमीटरचं, निम्मी चांदी. बघायला सुरेख आहे. पण ते घेऊन कुणी नारळ आणलाय? ७५ रुपयांचं नाणं ज्याला दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी पट मोजून घ्यावं लागतं, ते नाणं कसलं, पदक म्हणा. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावं. माझं म्हणणं फक्त माझ्या खणांपुरतं आहे.

अडचण झाली ती स्मारक नाण्यांची, जी डबीतही निघाली आणि चलनातही आली. १९९९ चा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया मला पेटीतच मिळाला, आणि त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोनाचं नाणंही. अंधांची लिपी घडवणाऱ्या लुई ब्रेलच्या जन्मद्विशताब्दीचं, २००९ चं दोनाचं नाणंही. (ते मी पेटीवाल्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ब्रेलची अक्षरं शोधली आणि म्हणाले, "नाव आमचं घातलंय, पण बाकी नाणं तुमचंच आहे.") दहा रुपयांचे तर इतके नमुने झाले, की २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की आजवर १४ नमुने काढले आहेत आणि सगळे खरे आहेत. कारण कुणी दहा किरणांचं खरं नि पंधरा किरणांचं खोटं अशी आवई उठवली आणि लोक नाणं घेईनात. आमच्या देवस्थानाने एका दुकानदाराकडे तेलाच्या डब्यांचे पैसे दहाच्या नाण्यांत नेऊन दिले, तर त्याने 'ही चलत नाहीत' म्हणून परत पाठवले. चौदा नमुने त्या बिचाऱ्याने कधी एकत्र पाहिले असते, तर घाबरलाच नसता. माझ्या अल्बमातलं ते पान त्याला नेऊन दाखवायचा विचार आहे.

अशा सगळ्यांसाठी मी शेवटी वेगळी पानं केली आणि वर पेन्सिलीने लिहिलं, 'पाहुणे'. घरच्या माणसांच्या रांगेत त्यांना बसवत नाही, पण उपाशीही पाठवत नाही. ६ जून २०२२ ला आलेली आझादीच्या अमृतमहोत्सवाची एक ते वीस रुपयांची मालिका मात्र पाहुणी की घरची, याचा निकाल माझ्याच्याने लागलेला नाही. अंगाने सगळी २०१९ चीच, माप, धातू, बाराकोनी आकार सगळं तेच, फक्त अंगावर महोत्सवाचा बिल्ला. पेटीवाल्यांना विचारलं. त्यांनी दोन्ही विसाची नाणी दोन हातांत धरली, म्हणाले, "एकच आहे." तूर्त पाहुण्यांत ठेवली आहेत.

छंदाच्या पैशाबद्दल एक शब्द, कारण आपल्या लेखानंतर मला ओळखीच्या तिघांचे फोन आले, की अमुक नाणं लाखाला जातं काय. गेंड्याचे पंचवीस पैसे आणि वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं यांच्या नावाने मोबाईलवर जे फिरतं ते सगळं थोतांड आहे. आधी 'नोंदणीची फी' मागतात, मग 'कर', मग फोन लागत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून ही फसवणूक चालते, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेने स्वतःच सावध केलं होतं. बाजारात ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून रामपंचायतनाचं एक नाणं विकतात, तेही कंपनीचं नाही. घरी देव्हाऱ्यात असेल तर खुशाल पूजा करा, पैशांची आशा ठेवू नका. माझा अख्खा अल्बम विकला तर आजीचा चांदीचा रुपिया सोडून बाकीच्यांचे फार तर दर्शनी किमतीइतके पैसे येतील, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पानाचे तर तेवढेही नाहीत. ती नाणी आता चलतच नाहीत.

आता लिहिण्याचं खरं कारण. वीस वर्षांचे रिकामे खण गेल्या काही महिन्यांत पेटीतून भराभर भरले. क्रुसाचा रुपया दुसऱ्याच मोजणीला निघाला, ठेंग्याचे तर थप्पीने आहेत. एकच खण राहिला आहे: २०११ च्या मालिकेतले पन्नास पैसे. १९ मिलिमीटरचं, चिमुकलं नाणं. कायद्याने पन्नास पैसे अजून चलनात आहेत, दहा रुपयांपर्यंतची रक्कम त्यांत दिली तर घ्यावी लागते. पण वाणी गोळी देतो, कंडक्टर ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि देवाच्या पेटीत आठ आणे टाकायची आता माणसांनाच लाज वाटते. म्हापशाच्या बाजारात एकाकडे आहे, पण तो वीस रुपये मागतो, आणि माझा नियम तुम्ही वर वाचलाच आहे. आपल्या कुणा वाचकाच्या घरी, शिवणाच्या डब्यात किंवा जुन्या पर्सच्या तळाशी ते नाणं पडलं असेल, तर त्यांनी फोंड्याकडे देवदर्शनाला येताना ते बरोबर आणावं आणि दिसेल त्या फंडपेटीत टाकावं. कुठलीही पेटी चालेल. आमच्याकडे नाही निघालं तर शेजारच्या देवस्थानाच्या हिशेबनिसाला मी सांगून ठेवलं आहे, आणि बदल्यात द्यायचे आठ आणेही त्याच्याकडे आगाऊ ठेवायला गेलो होतो. ते मात्र दोन पंचवीस पैसे होते, म्हणून त्याने घेतले नाहीत.

आपला,
देवस्थानाचा एक निवृत्त हिशेबनीस
फोंडा, गोवा